पहिली निवड कुणाची? आधी एवढं बघा

एनएफएल ड्राफ्टमध्ये अमेरिकन फुटबॉलचे संघ कॉलेजचे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. आपल्या संघाने आधी कुणाला घ्यावं, या वादात उतरताय, मस्त! खेळाडूंची नावं नंतर. आधी आपल्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू बघा. तोच भरवशाचा नसेल तर बाकी चर्चा फोल. तो पक्का असेल, तर त्याला सांभाळणारा लेफ्ट टॅकल किंवा समोरच्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा एज रशर मागा.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- ड्राफ्टआधीच्या चाचणीतल्या चाळीस यार्डांच्या धावेवर भाळतात. त्यापेक्षा कॉलेजचे पूर्ण सामने बघा. थर्ड डाउनला (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींपैकी तिसरीला), अंगावर माणूस येत असताना पोरगा चेंडू कुठे टाकतो, ते खरं.
- निवडीच्या क्रमांकालाच गुणवत्ता समजतात. २००७चा पहिला, जमार्कस रसेल, तीनच हंगाम टिकला. पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी २००० साली १९९वा होता!

सॅलरी कॅपचं, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचं गणित पुढच्या वर्षी. यंदा एक नाव धरा आणि बिनधास्त मांडा.