आजीचं धाब्याचं घर, अमळनेर ते सुरत

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. त्याला आणि सुरतच्या मामेभावाला माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये आजीचं पाडलेलं धाब्याचं घर पुन्हा उभारायचंय. याच्याकडे कॉम्प्युटर, त्याच्याकडे मोबाइल. नेट चांगलं आहे, तरी एकमेकांच्या जगात शिरता येत नाही. अनोळखी माणसांचीही धास्ती वाटते.
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत, जावा आणि बेडरॉक. मोबाइलवर बेडरॉकच चालते. कॉम्प्युटरवर मुलगा बहुतेक जावा उघडत असणार, आणि या दोघींची जोडणी होत नाही. 2022 पासून कॉम्प्युटरसाठी दोन्ही एकत्रच विकतात, म्हणून आधी लाँचरमध्ये, म्हणजे गेम जिथून सुरू होतो त्या खिडकीत, बेडरॉक दिसते का बघा. दोघांनी गेम अपडेट करावा. तरीही अडलं तर मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मल्टिप्लेअरला, म्हणजे इतरांसोबत खेळायला, पालकांची परवानगी द्यायची राहिलेली असते.

जग ज्याच्याकडे सुरू केलं, त्याचं यंत्र बंद पडलं की दुसराही बाहेर फेकला जातो. लोडशेडिंगचा विचार करता जग मोबाइलवरच ठेवा आणि आठवड्याला त्याची एक प्रत काढा. जगाच्या सेटिंगमध्ये ‘मित्रांचे मित्र’ न ठेवता ‘फक्त निमंत्रित’ निवडा, म्हणजे परकं कुणी येत नाही. बाकीच्या भावंडांना ‘व्हिजिटर’ करा. त्यांना हिंडता येतं, तोडफोड करता येत नाही. भांडणं बहुतेक तोडफोडीवरूनच होतात.

आता घर. सपाट छत आणि काटकोनी भिंती, त्यामुळे धाबं ठोकळ्यांत फार छान उतरतं. क्रिएटिव्ह मोड घ्या, त्यात हवे तेवढे ठोकळे मिळतात. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, तेव्हा आधी चौकटीच्या वहीत नकाशा काढा. जाड मातीच्या भिंतीलाही एकच ठोकळा पुरतो. पात्र 1.8 ठोकळे उंच असतं, म्हणून खोली आतून 3 ठोकळे हवी. 2 ठेवली तर उडी मारताच डोकं आपटतं. लाकडी खांब, वर तुळया, मग फळ्या, त्यावर मातीचा थर. वाळू आणि खडी आधाराशिवाय कोसळतात, माती टिकते. कोर्स डर्ट ही गवत न पसरणारी माती वापरली तर धाबं कोरडं राहतं. साध्या मातीत गवताचा एक ठोकळा ठेवला तर हळूहळू सगळं धाबं हिरवं होतं, थेट आषाढातल्यासारखं! झरोक्यासाठी एक ठोकळा मोकळा सोडून वर काच बसवा.

गेममध्ये आवाजी बोलणं नाही. फोन स्पीकरवर लावा आणि आजीला शेजारी बसवा. चूल कुठल्या कोपऱ्यात होती, कणगी कुठं, ओसरीवर कोण निजायचं, हे अहिराणीत तीच सांगेल.