वाचक विचारतात : मदत, कविता आणि वाढदिवस

प्रश्न : बँकेतून रिटायर झाले, मुलं परगावी असतात. समाजासाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटतं पण देणगी देण्याइतके पैसे नाहीत. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, तुमचा आवाज द्या. गावात अंध विद्यार्थी असतील, शाळेत, कॉलेजात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, त्यांना वाचून दाखवणारं माणूस हवं असतं आणि तेच मिळत नाही. परीक्षेला त्यांना रायटर, म्हणजे ते सांगतील ते उत्तर पेपरात लिहून देणारं माणूस, लागतो हे बऱ्याच जणांना माहीत आहे, तासाला किमान 20 मिनिटं जास्तीचा वेळही मिळतो, पण रायटर बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो, म्हणजे दहावीच्या पेपरला शेजारची नववीतली मुलगी चालेल, तुम्ही नाही चालणार. तुमचं काम परीक्षेच्या आधीचं. त्यांना उत्तर तोंडी सांगून लिहून घ्यायची सवय हवी असते, तेव्हा जुने पेपर घेऊन त्यांच्यासोबत बसा, ते सांगतील तेवढंच लिहा, आपल्या मनाचा एक शब्दही घालू नका. आणि मोबाईलवर धडे रेकॉर्ड करून द्या. पान नंबर म्हणा, अवघड नावाचं स्पेलिंग सांगा, आणि आकृती आली की “आकृती पाहा” म्हणून पुढे पळू नका, तिच्यात काय काय आहे ते सांगा, कारण मार्क तिथेच जातात. आवाज गोड नसला तरी काही बिघडत नाही, पण मंगळवारी देते म्हटलं तर मंगळवारीच द्यायचं हे मात्र पाळा, त्या मुलाचा अख्खा आठवडा त्यावर आखलेला असतो.

प्रश्न : रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकल, घरी यायला रात्र होते. कविता करायचो, आता वेळच नाही. सुटली का कायमची? (एक वाचक)

उत्तर : नाही सुटली. आपल्याकडे पहाटे उठून जात्यावर दळणाऱ्या बायकांना कुठे निवांत वेळ होता? हात खुंट्यावर, पाळण्यात पोर, आणि तोंडाने ओवी. हेमा रैरकर आणि गी पॉइतवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात सासर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेबही आहेत. त्या कष्टातूनच आल्या, कष्ट संपायची वाट बघत बसल्या नाहीत. तुम्हीही गर्दीत उभ्या उभ्या दोन ओळी मनात घोळवा, उतरलात की फोनमध्ये बोलून ठेवा. रविवारी अख्खी कविता करायचा हट्ट थोडे दिवस सोडा.

प्रश्न : आमच्या ग्रुपने ठरवलंय, मित्राच्या वाढदिवसाला सगळ्यांनी एकदम रक्तदान करायचं आणि फोटो टाकायचे. चांगलं ना? (एक वाचक, नगर)

उत्तर : खूप चांगलं, आणि स्वतःचे फोटो जरूर टाका, बघून अजून चार जण येतात. फक्त आधी रक्तपेढीला फोन करून विचारा की रक्त कधी कमी पडतं. रक्त साधारण 35 दिवस टिकतं, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) तर 5च दिवस, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, शिबिरं कमी, पण थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. त्यामुळे अर्ध्यांनी वाढदिवसाला द्या, अर्ध्यांनी मेमध्ये. पुरुषांना 3 महिन्यांनी, बायकांना 4 महिन्यांनी परत देता येतं, म्हणजे हा ग्रुप वर्षभर पुरू शकतो. जाताना पोटभर नाश्ता करा, उपाशी जाऊ नका.