तोडलेली सफरचंदं सात-आठ महिने करकरीत कशी राहतात?
तोडणीनंतर लगेच थंड करून, ऑक्सिजन कमी केलेल्या हवाबंद शीतगृहात ठेवली की राहतात. झाडावरून काढल्यावरही फळ श्वास घेत असतं आणि इथिलीन वायू सोडून स्वतःच स्वतःला पिकवत असतं. हा वेग रोखायला तापमान ० ते १ अंश सेल्सियस, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर आणि हवेतला ऑक्सिजन २१ वरून १ ते ३ टक्क्यांवर आणतात. पण निम्मं काम बागेतच ठरतं. नमुन्याचं फळ आडवं कापून त्यावर आयोडीन लावा: सगळा गर काळानिळा झाला तर ते अजून कच्चं, रंगच आला नाही तर जास्त पिकलेलं. दीर्घ साठवणीला मधल्या अवस्थेतलंच घ्यावं. मात्र हनीक्रिस्पसारख्या जातींना एवढी थंडी सोसत नाही, आतून तपकिरी पडतात. त्या ३ अंशांच्या आसपास ठेवाव्यात.