नऊ वर्षं निवडणूक नाही, हिशेब मागितला तर सदस्यत्व रद्द

प्रश्न : मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेचा अकरा वर्षं सदस्य आहे. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली आहे. घटनेत कार्यकारिणीची मुदत तीन वर्षं आहे, पण नऊ वर्षांत निवडणूक झाल्याचं आम्हाला ठाऊक नाही. अध्यक्ष मानद कॅप्टन आहेत. साहेबांना जाब विचारणं जिवावर आलं होतं, तरी सभागृहाच्या भाड्याचा हिशेब मी लेखी मागितला. उत्तरादाखल ‘शिस्तभंगामुळे सदस्यत्व रद्द’ एवढंच पत्र आलं. आता सभागृह एका खासगी क्लासला दहा वर्षांच्या करारानं द्यायचं घाटतंय. काही सहकारी म्हणतात, आपणच सभा बोलावू, नवी कार्यकारिणी निवडू आणि सभागृहाचं कुलूप बदलू. दिवंगत सदस्यांच्या पत्नी वर्गणी भरतात, पण त्यांना सभेला कोणी बोलावत नाही. वकील मॅडम, काय करावं?

उत्तर : सुभेदारसाहेब, कुलूप बदलू नका. सहकाऱ्यांनाही आजच सांगा. आज सगळी कागदपत्रं तुमच्या बाजूची आहेत, पण कुलूप तोडलंत की दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तुम्हीच आरोपी म्हणून उभे राहाल आणि हिशेबाचा प्रश्न बाजूला पडेल. समांतर सभा घेऊन समांतर कार्यकारिणी निवडण्याचंही तसंच. दोन्ही गट आपापला बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करा असा अर्ज, घेऊन धर्मादाय कार्यालयात जातात, दोघंही एकमेकांवर हरकत घेतात, आणि निकाल लागेपर्यंत बँक खात्यावर सही कोणाची हाच वाद चालू राहतो. अशा संस्था वर्षानुवर्षं गोठलेल्या मी पाहिल्या आहेत.

जाब विचारणं जिवावर आलं असं लिहिलंत, ते मी समजू शकते. पण पलटणीत हुद्दा कायद्यानं चालतो, तसा इथे चालत नाही. तुमची संघटना उभी आहे ती दोन कायद्यांवर, संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. या दोन्हींत कॅप्टन आणि शिपाई असा भेद नाही. घटनेत वेगळं लिहिलं नसेल तर प्रत्येक सदस्याला एक मत. कॅप्टनसाहेबांना सॅल्यूट जरूर करा. हिशेब मागण्यानं त्या सॅल्यूटचा अपमान होत नाही. हिशेब देणं हे विश्वस्ताचं काम आहे, आणि तुमच्या संस्थेचे ते विश्वस्त आहेत.

आता कामाचं. सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नकलेचा अर्ज करा आणि चार गोष्टी मागा : मंजूर घटना, शेड्युल वनचा (विश्वस्तांची नावं नोंदलेल्या सरकारी नोंदवहीचा) उतारा, आजवरचे बदल अर्ज व त्यांवरचे आदेश, आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण अहवाल. तुमच्याजवळ घटनेची जी छापील पुस्तिका आहे तिच्यावर विसंबू नका. मधल्या काळात दुरुस्ती झालेली असू शकते, आणि चालते ती नोंदलेली घटना.

शेड्युल वनमध्ये दोनांपैकी एक चित्र दिसेल. पहिलं, जुनीच नावं आजही कायम आहेत. म्हणजे निवडणूक झालीच नाही. अशा वेळी मुदत संपली म्हणून कार्यकारिणी आपोआप नाहीशी होत नाही. बहुतेक घटनांत ‘नवी कार्यकारिणी सूत्रं हाती घेईपर्यंत’ असा शब्दप्रयोग असतो आणि जुने लोक त्याच आधारावर बसलेले असतात. मात्र अशा कार्यकारिणीनं रोजचा कारभार पाहावा आणि लवकरात लवकर निवडणूक घ्यावी, एवढंच अपेक्षित असतं. दहा वर्षांचे करार करणं हे तिचं काम नव्हे.

दुसरं चित्र जास्त गंभीर आहे. दर तीन वर्षांनी निवडणूक झाल्याचे बदल अर्ज दाखल आहेत आणि तुम्हाला त्याची खबरही नाही. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत तो कळवावा लागतो, आणि अर्जासोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचे पुरावे, हजेरी व इतिवृत्त जोडतात. ती हजेरी नीट वाचा. सभेच्या तारखेला जो सदस्य हयात नव्हता किंवा मुलाकडे परगावी होता, त्याची सही तिथे दिसते का, हे तपासा. अर्ज अजून प्रलंबित असेल तर कलम ७३अ खाली पक्षकार होऊन हरकत घ्या. आदेश झाला असेल तर कलम ७० खाली धर्मादाय आयुक्तांकडे अपील आहे, मुदत ६० दिवसांची. ती उलटून गेली असेल तर आदेश कधी आणि कसा कळला हे शपथपत्रावर सांगून विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो. म्हणून नक्कल मिळाल्याची तारीख जपून ठेवा.

तुम्हाला काढून टाकल्याच्या पत्राकडे येते. सदस्य काढण्याचा अधिकार अध्यक्षांच्या मर्जीतून येत नाही, तो घटनेतून येतो, आणि घटनेत सांगितलेल्या पद्धतीनंच वापरावा लागतो. बेळगावच्या एका फ्रीमेसन लॉजच्या, म्हणजे सदस्यांच्या एका बंधुसंस्थेच्या, प्रकरणात, टी. पी. डेव्हर यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं आहे. १९६३च्या निकालसंग्रहात तो निकाल आहे. त्या खटल्यात काढलेला सदस्य शेवटी हरला, कारण त्याला आरोप कळवले होते आणि बाजू मांडायची संधी मिळाली होती. तुमच्या पत्रात आरोप नाही, चौकशी नाही, ठरावाचा क्रमांकही नाही. पोचपावतीसह स्पीड पोस्टानं ठरावाची प्रत, सभेची नोटीस आणि कोणत्या नियमाखाली काढलं ते मागा. उत्तर आलं नाही तर ते मौनही पुरावाच आहे. पुढे हा वाद दिवाणी न्यायालयात न्यावा लागेल. दाव्यातल्या मागण्या कशा मांडल्या आहेत त्यावर १९५० च्या कायद्याच्या कलम ५० खालच्या दाव्यासाठीची धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते की नाही हे ठरतं, तेव्हा मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

आणि वर्गणी! १८६० च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, सदस्य म्हणून तो मोजलाही जात नाही. तुम्हाला काढलं असलं तरी यंदाची वर्गणी संस्थेच्या बँक खात्यात भरा किंवा मनीऑर्डरनं पाठवा. परत आली तर परतीचं कुपन फाईलला लावा. तुमच्या बाजूच्या प्रत्येकानं हे करावं. चांगल्या बाजूचे लोक थकबाकीमुळे मतदार यादीतून बाहेर पडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सभागृहाचं काम मात्र थांबण्यासारखं नाही, ते आधी हाती घ्या. इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यावर द्यायची तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तिच्याशिवाय केलेला दहा वर्षांचा करार वैध ठरत नाही. परवानगीचा अर्ज आला आहे का ते कार्यालयात विचारा आणि आला असेल तर लेखी हरकत नोंदवा. क्लासचालकांनाही एक साधं, सभ्य पत्र लिहून परवानगीची अट कळवा. अनामत रक्कम देण्याआधी ते स्वतःच थांबतील. करार तीन वर्षांच्या आतला केला तर परवानगी लागणार नाही, पण भाडं कोणत्या खात्यात जातं हा प्रश्न तरीही उरतो.

त्या हिशेबासाठी लेखापरीक्षण अहवाल पाहा. वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पुढच्या सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं. सभागृहाचं भाडं जमेच्या बाजूला दिसतं का, एवढं एक जरी तपासलंत तरी बरंच उलगडेल. अहवालच दाखल नसतील तर हिशेब देण्यात वारंवार कसूर करणं हे कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित करण्याचं किंवा काढण्याचं कारण ठरतं. मी मात्र थेट तिथे जाणार नाही. आधी कलम ४१अ खाली अर्ज करून सभा आणि निवडणूक घेण्याचे निर्देश मागा. अपहाराचा आरोप अहवाल हातात येईपर्यंत तोंडातून काढू नका. वर्षानुवर्षं गणवेशाचा मान राखलेल्या माणसावर तो पुराव्याशिवाय करणं अन्यायाचं आहे, आणि खोटा ठरला तर तुमच्यावर उलटेल.

अर्जावर तुमची एकट्याची सही नको. ‘हा आता सदस्यच नाही’ अशी हरकत पहिल्याच तारखेला येईल. ज्यांच्या सदस्यत्वाबद्दल वाद नाही असे निदान दोन-तीन जण अर्जदार म्हणून पुढे असू द्यात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला प्रत दिलीत तर हरकत नाही, पण संघटनेच्या निवडणुकीचा निवाडा करण्याचा अधिकार त्या कार्यालयाकडे नाही. तिथे खेटे घालण्यात महिने घालवू नका.

शेवटी त्या भगिनींबद्दल. घटनेत त्यांना सदस्य करून घेण्याची तरतूद असेल आणि रीतसर दाखल होऊन त्यांनी वर्गणी भरली असेल किंवा सदस्य नोंदवहीत सही केली असेल, तर १८६० च्या कायद्याचं कलम १५ त्यांच्यात आणि तुमच्यात फरक करत नाही. त्यांना नोटीस न देता घेतलेल्या प्रत्येक सभेवर त्यामुळे प्रश्नचिन्ह लागतं. घटनेत त्या ‘सहयोगी’ असतील तर मात्र मत मिळण्यासाठी घटनादुरुस्तीच करावी लागेल. या रविवारी त्यांच्या घरी जाऊन वर्गणीच्या जुन्या पावत्या शोधून काढायला सांगा, आणि अर्जावर पहिली सही त्यांच्यापैकी कोणी करणार का, तेही विचारा.