ऐरणीपाशी : फणा, पाय आणि शेपटी

प्रश्न : शेजारच्या बांधकामावर उरलेल्या सळईच्या तुकड्यातून मी नाग घडवतो आहे. नागपंचमीला आजीला द्यायचा आहे. शेपटी जमते, पण फणा पसरवायला घेतला की कडेला चीर पडते. लोखंड लाल असतानाच ठोकतो. मग असं का होतं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कारणं दोन आहेत, सळई आणि ताव, म्हणजे लोखंड किती तापवलं ते.

बांधकामाची सळई म्हणजे टीएमटी. कारखान्यात लाटून झाल्यावर तिच्यावर पाण्याचा मारा करतात, त्यामुळे बाहेरची साल कडक होते आणि गाभा मऊ राहतो. भट्टीत नीट तापली की हा फरक जातो, त्याची काळजी नको. त्रास देतात ते तिच्या अंगावरचे कंगोरे. ठोकताना कंगोरा आडवा होतो, खपलीसकट (तापलेल्या लोखंडावर धरणारा काळा थर) आत दबतो आणि तिथे पदर तयार होतो. वरून गुळगुळीत दिसलं तरी तो पदर जुळलेला नसतो. कड पातळ झाली की नेमका तिथेच उघडतो. मुंबईच्या दारूखाना भागात किंवा कळंबोलीला, लोखंडाच्या बाजारात, साध्या माइल्ड स्टीलचा 12 मिलिमीटरचा गोल गज मिळेल, तो आणा.

आता ताव. गडद लाल म्हणजे साधारण 700 अंश सेल्सियस. एवढ्यावर पसरवण्याचं काम करूच नये. फण्याला नारिंगीच्या पुढचा, पिवळट ताव हवा, 1100 अंशांच्या आसपास. पांढरट होऊन ठिणग्या उडू लागल्या तर लोखंड जळतंय असं समजा. तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो. भट्टी सावलीत ठेवा. उन्हात रंग फिका दिसतो आणि अंदाज चुकतो. शिवाय फण्याची कड पातळ असते आणि खालून ऐरण उष्णता ओढून घेत असते. मधला भाग अजून नारिंगी असतो तेव्हा कड काळवंडलेली असते. तुमचं लक्ष मध्यावर राहतं आणि हातोडी कडेवर पडते, चीर तिथेच पडते. म्हणून एका तावात पाच-सहा घाव, की परत भट्टीत. घाई करू नका.

गज थेट चपटा केलात तर फणा कागदासारखा पातळ होईल. आधी टोकाला ताव देऊन गज उभा धरा, ऐरणीवर ठासा आणि टोक जाड करून घ्या. मग ऐरणीच्या कडेवर डोक्यापुरता भाग खाच देऊन वेगळा दाखवा. त्यामागचा भाग चोचीच्या हातोडीने (जिचं एक तोंड पाचरीसारखं बोथट असतं) पसरवा, पण चोच गजाच्या लांबीला समांतर धरा. धातू चोचीच्या दोन्ही अंगांना सरकतो. चोच आडवी धरलीत तर फणा रुंद व्हायच्या ऐवजी लांब होईल. घाव मधल्या रेषेपासून कडेकडे न्या. शेवटी लाकडाच्या ओंडक्यात केलेल्या खळग्यावर ठोकून खोलवटा द्या आणि डोळे सुंभ्याने, म्हणजे टोकदार पंचने, गरम असतानाच. वेटोळी सगळ्यात शेवटी घाला, नाहीतर सांडशीला पकडायला जागाच उरत नाही.

चीर दिसली तर तसाच पुढे ठोकत राहू नका. गार करून तिचं टोक नाहीसं होईपर्यंत कानशीने घासा. एवढीशी चीर पुढच्या तावात अर्धा फणा घेऊन जाते.

प्रश्न : मला पाल करायची आहे. चार पाय वेल्डिंगने जोडले तर चालतील का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : चालतील, पण जोडू नका असंच मी सांगेन. वेगळे जोडलेले पाय पोटाला चिकटवल्यासारखे दिसतात. एकाच पट्टीतून निघालेला पाय खांद्यातून आल्यासारखा दिसतो, आणि प्राणी जिवंत वाटतो तो तिथेच.

32 बाय 6 मिलिमीटरची पट्टी घ्या, वीतभर पुरे. एका टोकाकडून लांबीच्या दिशेने दोन उभे काप द्या, म्हणजे तीन बोटं होतील. मधलं बोट रुंद ठेवा, ते डोकं. बाजूची दोन पुढचे पाय. दुसऱ्या टोकाकडूनही तसंच. तिथे मधलं बोट शेपटी होतं. काप जिथे थांबायचा तिथे आधी 5 मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे पाय बाहेर वाकवताना चीर अंगात शिरत नाही. काप हॅक्सॉने गारच द्या. तापलेलं लोखंड छिन्नीने कापायला हात बसायला वेळ लागतो.

शेपटीसाठी किती लोखंड ठेवायचं याचा हिशेब सोपा आहे. 12 मिलिमीटरचा चौकोनी गज ठोकून 6 चा केला, म्हणजे रुंदी आणि जाडी दोन्ही निम्मी केली, तर त्याची लांबी चौपट होते. बोटभर जागा ठेवलीत तरी चार बोटं शेपटी मिळते. हे हाताला पटावं म्हणून आधी शाडूच्या मातीची तेवढीच पट्टी करा आणि खऱ्या हातोडीने हलके ठोकून पाल बनवून बघा. तापलेलं लोखंड बऱ्याच अंशी तसंच सरकतं. मी शिकायला येणाऱ्यांना आधी माती देतो. त्यांना ते आवडत नाही, तरी देतो.

खवले, नखं, जिभेचं टोक यांच्या मागे लागू नका. बस्तरच्या लोहारांनी, कोंडागावकडच्या, घडवलेली हरणं कुठे प्रदर्शनात दिसली तर थांबून बघा. काडीसारखे पाय, एक मान, शिंगं. मानेचा कल अचूक असतो, म्हणून बाकी काही लागत नाही.

प्रश्न : बाल्कनीत छोटी भट्टी लावली तर?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. कोळशाच्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि तो घरात शिरतो. घरगुती सिलिंडरला बर्नर जोडायचा विचारही नको. एखाद्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात, मोकळ्या अंगणाशी, दिवसाच्या भाड्याने जागा बघा. आणि गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पट्टी भट्टीत कधीच घालू नका. जस्त 907 अंशांना उकळतं, म्हणजे तुमचा ताव यायच्या आधीच त्याचा पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

प्रश्न : काळा रंग न मारता मुंबईत गंज कसा थांबवायचा?
– एक वाचक, वरळी

उत्तर : घरात ठेवायची वस्तू असेल तर मेण. काम गरम असतानाच तारेच्या ब्रशने खपली काढा. मेण टेकवल्यावर वितळून जरासा धूर येईल इतपत गार होऊ द्या, मग मधमाशीचं मेण आणि जवसाचं तेल चोळा. हातोडीचे घाव दिसत राहतात, आणि ते दिसायलाच हवेत. वरळीच्या हवेत पावसाळ्यापूर्वी पुन्हा एक हात द्यावा लागेल. गच्चीवर, समुद्राच्या तोंडावर ठेवणार असाल तर मेण टिकणार नाही. तिथे जस्ताचा प्रायमर आणि त्यावर रंग, दुसरा उपाय नाही. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि फडकी आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.