आमच्या ट्रेक ॲपच्या ॲक्टिव्हिटी फीडमधली (कोणी काय केलं याच्या यादीतली) एक जेसन नोंद नमुन्यादाखल देतोय. हे फीड लिंक्ड डेटामध्ये (वेब पत्त्यांनी एकमेकांशी जोडलेल्या डेटामध्ये) बसवायचं तर सगळं आरडीएफमध्ये, म्हणजे अशा डेटाच्या मूळ मांडणीत, नव्याने लिहावं लागेल का?

नाही, तेवढा खटाटोप करू नका. तुम्ही दिलेला नमुना (‘ॲक्टर’, ‘व्हर्ब’, ‘ऑब्जेक्ट’, ‘डिस्प्लेनेम’) २०११च्या ॲक्टिव्हिटी स्ट्रीम्स १.० (अशा नोंदी जेसनमध्ये लिहिण्याचा ठरलेला आराखडा) च्या वळणाचा आहे. त्याची पुढची आवृत्ती, २.०, मे २०१७मध्ये डब्ल्यूथ्रीसीची (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची) शिफारस झाली. ती जेसन-एलडीशी (जेसनमध्ये लिंक्ड डेटा लिहिण्याच्या पद्धतीशी) जुळणारी आहे आणि मॅस्टोडॉन (सोशल नेटवर्क) वापरतो तो ॲक्टिव्हिटीपब प्रोटोकॉल तिच्यावरच उभा आहे. तिच्याकडेच वळा.

नावं बदलणं सोपं आहे. ‘व्हर्ब’ आणि ‘ऑब्जेक्टटाइप’ या दोन्हींची जागा ‘टाइप’ घेतं, ‘डिस्प्लेनेम’चं ‘नेम’ होतं. वर ‘@कॉन्टेक्स्ट’मध्ये डब्ल्यूथ्रीसीचा ठरलेला पत्ता टाकायचा. कुठली की (फील्डचं नाव) म्हणजे कुठला गुणधर्म आणि कुठल्या कीची किंमत पत्ता म्हणून वाचायची, हे त्या पत्त्यावरची फाइल सांगते. ज्यांना लिंक्ड डेटाशी देणंघेणं नाही ते ही ओळ सोडून नेहमीसारखं जेसन वाचतात.

खरं काम आयडींचं आहे, आणि बहुतेक जण तेच मागे ठेवतात. तुमच्या नमुन्यात ‘ॲक्टर’ म्हणून नुसती ‘४२’ ही स्ट्रिंग आहे. कॉन्टेक्स्ट लावल्यावर जेसन-एलडी तिला अर्धवट पत्ता समजतो आणि फीड जिथून उतरवलं त्या पत्त्याच्या शेवटच्या तुकड्याच्या जागी बसवतो. म्हणजे ‘/फीड/ताजं’वरून घेतलं तर तो माणूस ‘/फीड/४२’ होतो आणि ‘/गट/पुणे’वरून घेतलं तर ‘/गट/४२’. एकाच माणसाचे दोन माणूस झाले, आणि एरर कुठेच येत नाही! म्हणून माणूस, ट्रेक, फोटो, कमेंट, प्रत्येकाला पूर्ण एचटीटीपीएस पत्ता द्या. त्यात युजरनेम घालू नका, लोक ते बदलतात. तो पत्ता उघडल्यावर त्या गोष्टीचं जेसन मिळालंच पाहिजे. जोडलेला डेटा म्हणायचा तो याच जोरावर.

‘चढाई’सारख्या तुमच्या खास फील्डसाठी ‘@कॉन्टेक्स्ट’चा ॲरे करा आणि डब्ल्यूथ्रीसीच्या पत्त्यानंतर तुमच्या डोमेनवरचं नेमस्पेस (तुमच्या फील्डच्या नावांना अर्थ देणारा पत्ता) जोडा. मॅस्टोडॉनही आपल्या जादा फील्डसाठी हेच करतो. हे केलं नाही तर मूळ कॉन्टेक्स्टमुळे अशी फील्ड निनावी गुणधर्म ठरतात आणि आरडीएफ करताना गळून पडतात.

जीपीएस ट्रॅक मात्र ॲक्टिव्हिटीच्या आत कोंबू नका. जिओजेसनमध्ये (नकाशावरच्या जागा जेसनमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) यादीच्या आत यादी असते. जेसन-एलडी १.० ला ती चालत नव्हती, २०२०च्या १.१ मध्ये मुभा मिळाली, पण समोरचा कुठली लायब्ररी वापरतो ते तुमच्या हातात नाही. ट्रॅकची फाइल वेगळी ठेवून ‘अटॅचमेंट’मध्ये तिची लिंक द्या.

दुसऱ्याचं फीड वाचताना एक जपा: ‘टू’ किंवा ‘टॅग’मध्ये एकच गोष्ट असेल तर ॲरेऐवजी सुटी किंमत येऊ शकते. कोड दोन्ही रूपं घेणारा हवा.

प्रकाशित करण्याआधी एक नोंद जेसन-एलडी प्लेग्राउंडमध्ये (तपासणीच्या वेबसाइटवर) टाकून तिचं विस्तारित रूप, म्हणजे नावांच्या जागी पूर्ण पत्ते असलेलं रूप, बघा. कुठल्याही कीच्या आधी ‘_:’ (निनावी असल्याची खूण) दिसलं तर ते फील्ड कॉन्टेक्स्टमध्ये राहून गेलंय, आणि ‘ॲक्टर’चा पत्ता तुमच्या डोमेनचा नसेल तर आयडी अजून अर्धवट आहे.