राजाचा घटस्फोट अडला कुठे?

प्रश्न : इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला पोपने घटस्फोट नाकारला, कारण कॅथलिक धर्मात घटस्फोटच नाही, असं आम्ही शाळेत शिकलो. मग फ्रान्सच्या बाराव्या लुईला १४९८ मध्ये तो कसा मिळाला?

उत्तर : हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नाही, हे माझं नशीब. इतिहास शिकवताना वर्षानुवर्षं मीही फळ्यावर तेच कारण लिहीत आले.

लुई तरी परका. हेन्रीची सख्खी बहीण मार्गारेट, स्कॉटलंडची राजमाता, तिचं दुसरं लग्न याच पोपने, सातव्या क्लेमेंटने, मार्च १५२७ मध्ये रद्द केलं. त्यावर बंधुराज संतापले, विवाहाच्या पावित्र्याबद्दल त्यांनी बहिणीची कानउघाडणीही केली. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्वतःच्या लग्नाची चौकशी आपला मुख्य मंत्री कार्डिनल वुल्झी याच्यामार्फत गुपचूप सुरू केली!

घटस्फोट हा शब्द तसा चुकीचाच, लुईचंही लग्न रद्दच ठरलं होतं. हेन्रीचं म्हणणं होतं, की हे लग्न मुळात झालंच नाही. त्याची राणी कॅथरिन ही त्याचा थोरला भाऊ आर्थर याची विधवा. दिराशी लग्न लागावं म्हणून पोप दुसऱ्या ज्युलियसने खास परवानगी दिली होती. भावाची बायको करणारा निःसंतान राहील, असं बायबलच्या ‘लेवीय’मध्ये आहे, त्यावर हेन्रीने बोट ठेवलं. पण भाऊ निपुत्रिक वारला तर त्याच्या विधवेशी लग्न कर, असं बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात सांगितलंय. शिवाय मुलगी मेरी चांगली अकरा वर्षांची होती, मग निःसंतान कसला? आधीचा पोप ज्युलियस चुकला असं म्हणणं, ल्यूथर पोपच्या अधिकारालाच आव्हान देत होता त्या दिवसांत, रोमला जड गेलं असतं, हेही खरं. तरी मला वाटतं, इच्छा असती तर वकिलांनी त्या परवानगीत एखादी फट शोधून काढलीच असती.

इच्छा का नव्हती, ते नात्यात बघा. इंग्रजी पुस्तकं कॅथरिनला स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सची ‘आँट’ म्हणतात, त्यातून काही कळत नाही. ती त्याची मावशी, आईची धाकटी बहीण. आणि ६ मे १५२७ रोजी, म्हणजे वुल्झीची चौकशी सुरू व्हायच्या जेमतेम दीड आठवडा आधी, या भाच्याच्या पगार थकलेल्या फौजेने रोम लुटलं. पोप सांत आंजेलोच्या किल्ल्यात अडकला. डिसेंबरात तो ऑर्व्हिएतोला निसटला, तेव्हा हेन्रीचे वकील तिथेही येऊन थडकले. मावशीचं लग्न मोडा म्हणे!

क्लेमेंटने मग वेळ काढायला सुरुवात केली. कार्डिनल कांपेज्जोला लंडनला धाडलं, ते सावकाश जा असं बजावून. गाउटने (सांध्यांच्या दुखण्याने) बेजार झालेले हे गृहस्थ ऑक्टोबर १५२८ मध्ये पोहोचले. खटला ब्लॅकफ्रायर्सला उभा राहायला पुढचा उन्हाळा उजाडला. २१ जून १५२९ रोजी कॅथरिनने भर न्यायालयात नवऱ्यापुढे गुडघे टेकले, आपली बाजू मांडली आणि पुकारा होत असताना ती निघून गेली. हा प्रसंग सगळ्यांना आवडतो, मलाही. पण त्याच दिवशी इटलीत लांद्रियानोला चार्ल्सच्या सैन्याने फ्रेंचांचा पराभव केला. आठवड्याभरात पोपने बार्सिलोनाला सम्राटाशी तह केला. त्यात क्लेमेंटच्या मेदिची घराण्याला फ्लॉरेन्स परत मिळवून द्यायचं कलम होतं. जुलैमध्ये कांपेज्जोने खटला तहकूब केला. कारण दिलं, रोमच्या न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागते!

ऑगस्टमध्ये कांब्रेला फ्रान्सनेही सम्राटाशी समेट केला. बोलणी कुणी केली? चार्ल्सची आत्या आणि फ्रेंच राजाची आई यांनी. हेन्रीच्या बाजूने रोमवर दबाव आणायला आता कुणी उरलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे : ॲन बोलीनशी लग्न, मे १५३३ मध्ये आर्चबिशप क्रॅनमरने पहिलं लग्न रद्द ठरवणं. रोमचा निकाल लागला २३ मार्च १५३४ रोजी. कॅथरिनचं लग्न वैध! तोवर ॲनची मुलगी एलिझाबेथ सहा महिन्यांची झाली होती.